पिंपळगाव कोणतं?

जळगावच्या बसस्थानकात चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन ‘पिंपळगावची गाडी किती वाजता?’ असं विचारा. आतून उलट प्रश्न येईल, ‘कोणतं पिंपळगाव?’ पाचोऱ्याकडचं पिंपळगाव हरेश्वर आहे. खामगाव तालुक्यात पिंपळगाव राजा आहे, भोकरदनमध्ये पिंपळगाव रेणुकाई, नगरजवळ पिंपळगाव माळवी. जुन्नरकडचं पिंपळगाव जोगा धरणामुळं सगळ्यांच्या तोंडी आहे. आणि निफाड तालुक्यातलं, मुंबई-आग्रा महामार्गावरचं, कांदा-टोमॅटो-द्राक्षांच्या बाजाराचं आमचं पिंपळगाव बसवंत. पिंपळाच्या सावलीत गाव वसवायची रीत इतकी जुनी आणि इतकी सर्रास, की नुसत्या पिंपळानं गाव ओळखताच येत नाही. मग मागून दुसरा शब्द येतो आणि सगळा भार तोच उचलतो.

महाराष्ट्राच्या नकाशावर अशी जोडनावं हजारोंनी आहेत. त्यातली निम्मी कामं खुर्द आणि बुद्रुक या दोन शब्दांनीच उरकली आहेत. हे मूळचे फारसी शब्द, अर्थ धाकटं आणि थोरलं. सुलतानी काळातल्या दफ्तरांतून ते गावाच्या पाटीवर आले आणि राहिले. ‘धाकटं’ हा आपला शब्द गावाचं लिंग बघून वळतो. खुर्द वळत नाही. गाव असो, वाडी असो, पाडा असो, खुर्द तो खुर्दच.

हे सगळं आठवायचं कारण एक लॅटिन विशेषण आहे. पिंपळगावच्या बाजारात ते रोज येतं, जुड्यांमध्ये, पाट्यांमध्ये, गोण्यांमध्ये. कोथिंबिरीच्या शास्त्रीय नावात ते आहे, लसणाच्या आहे, काकडीच्या, मुळ्याच्या, गोठ्यात टाकायच्या लसूणघासाच्या नावात आहे आणि इगतपुरी-त्र्यंबककडून येणाऱ्या साळीच्याही नावात आहे. कोथिंबीर म्हणजे कोरिअँड्रम सॅटिव्हम, लसूण ॲलियम सॅटिव्हम, काकडी कुकुमिस सॅटिव्हस, मुळा रॅफॅनस सॅटिव्हस, लसूणघास मेडिकॅगो सॅटिव्हा, साळ ओरायझा सॅटिव्हा. शब्द एकच, शेपटं मात्र तीन. आज हा शब्द शहरातल्या तरुणांना भेटतो तो बहुधा गांजाच्या गप्पांतून, कारण त्या झाडाच्या नावातही सॅटिव्हा आहे. या शब्दाचं मूळ घर मात्र शेत आहे, आणि मराठी माणसाला ते घर परकं वाटण्याचं काहीच कारण नाही.

स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ साली ‘स्पीशीज प्लांटारम’ हा ग्रंथ काढला. त्याआधी एखाद्या वनस्पतीचं विद्वानांतलं नाव म्हणजे एक आख्खं वाक्य असे. खोड कसं, पानं कशी, काटे आहेत की नाहीत, सगळं नावातच. लिनियसनं त्या लांबलचक वर्णनाच्या बाजूला समासात एकेक सुटसुटीत शब्द छापला. त्याला तो ‘नोमेन ट्रिव्हियाले’ म्हणे. ट्रिव्हियम म्हणजे जिथं तीन रस्ते मिळतात ती जागा, म्हणून ट्रिव्हियाले म्हणजे चव्हाट्यावरचं, चारचौघांच्या तोंडातलं. पोटनावाचं हे टिपण सोय म्हणून केलेलं होतं. लोकांनी वर्णन सोडलं आणि कुळनाव अधिक चव्हाट्यावरचा शब्द एवढंच उचललं. जगभरच्या वनस्पतिशास्त्राची नावं आज याच ग्रंथापासून मोजतात. पिंपळगाव म्हणजे कूळ, बसवंत म्हणजे वाण, ही युक्ती आमच्या गावकऱ्यांना लिनियसकडून शिकावी लागली नव्हती.

आता शब्दाकडं. रोमन माणूस त्याचा उच्चार साधारण ‘सातीवुस’ असा करी. लॅटिनमधला तो व आपल्या ‘वारा’तल्या व सारखाच मऊ होता, दाताखाली ओठ दाबून काढायचा नव्हता. सॅटिव्हस हे इंग्रजी शाळांतून आलेलं वळण आहे, म्हणून इथून पुढं मी सातीवुस, सातीवा, सातीवुम असंच लिहीन. देवनागरीत ते अंगासरशी बसतं.

मूळ धातू ‘सेरेरे’, पेरणे. त्याचं भूतकाळवाचक धातुसाधित ‘सातुस’, पेरला गेलेला. त्याला ‘ईवुस’ हा प्रत्यय लागला आणि सातीवुस तयार झालं. याच प्रत्ययानं पकडलेल्याचा ‘काप्तीवुस’ झाला आणि जन्मानं मिळालेल्याचा ‘नातीवुस’. इंग्रजीतले कॅप्टिव्ह आणि नेटिव्ह तिथून आले. आणखी एक गंमत अशी, की विशेषणाला लॅटिन व्याकरणकार जो शब्द वापरत, ‘आद्येक्तीवुम’, त्याचीही घडण हीच. ‘आद्येक्तुस’ म्हणजे जवळ टाकलेला, जोडलेला. त्यापुढं ईवुम. म्हणजे सातीवुस हे नुसतं विशेषण नाही, ‘विशेषण’ या शब्दाचं ते सख्खं भावंड आहे.

मराठीत याला तंतोतंत जोड सापडते. पेर हा धातू, पेरला हे त्याचं भूतकाळी रूप, आणि धातूपुढं ‘लेला’ येऊन पेरलेला. धातूपासून निघालेलं, घडून गेलेली क्रिया पोटात बाळगणारं आणि नामाचं लिंग बघून शेवट बदलणारं विशेषण. पेरलेला मुळा, पेरलेली साळ, पेरलेलं पीक. राफानुस सातीवुस, ओरीझा सातीवा, आल्लियुम सातीवुम. हे ज्याला एकदा ऐकू आलं, त्याला ही नावं पाठ करावी लागत नाहीत.

रोमन शेतीलेखकांना हा शब्द लागे तो दोन गोष्टी वेगळ्या काढायला. पहिल्या शतकातल्या थोरल्या प्लिनीच्या ‘निसर्गेतिहासा’त जागोजाग वनस्पतींची एक बाजू सातीवुस आणि दुसरी ‘सिल्वेस्ट्रिस’, म्हणजे रानची. माणसानं लावलेलं आणि आपसूक आलेलं. सेरेरे या क्रियापदात बी फेकणंही होतं आणि रोप किंवा कंद लावणंही होतं. आपल्याकडं एवढ्याशा कामाला किती शब्द आहेत! बी पेरतात, भुईमूग टोकतात, कोथिंबीर फोकतात, कांद्याचं रोप लावतात, लसणाच्या कुड्या खोसतात. शेतात उभं राहून बोलणाऱ्याची भाषा अशीच बारीक होत जाते. लॅटिननं हे सगळं एका क्रियापदात बांधलं आणि म्हणूनच लिनियसला ते इतक्या निरनिराळ्या पिकांना लावता आलं.

त्या धातूची आणखी दोन पोरं पिंपळगावात रोज दिसतात. ‘सातियो’ म्हणजे पेरणी. तिच्यापासून फ्रेंच ‘सेझों’ झाला, पेरणीची वेळ, मग वर्षातली कुठलीही ठरावीक वेळ, आणि इंग्रजी वाटेनं तो ‘सीझन’ होऊन आपल्याकडं आला. टोमॅटोचा सीझन, द्राक्षाचा सीझन असं व्यापारी म्हणतो तेव्हा तो नकळत ‘टोमॅटोची पेरणी’च म्हणत असतो. दुसरं पोर म्हणजे सेमिनार. बी म्हणजे ‘सेमेन’, रोपं तयार करायची वाफ्यांची जागा म्हणजे ‘सेमिनारियुम’. द्राक्ष बागायतदारांचं सेमिनार मंगल कार्यालयात भरतं, पण शब्दाचा अर्थ रोपवाटिका.

कोथिंबिरीपाशी थोडं थांबलं पाहिजे. धणे जसेच्या तसे मातीत टाकले तर उगवण रेंगाळते. म्हणून पेरायच्या आधी ते रगडतात. फरशीवर किंवा खळ्यावर पातळ पसरून वरून चप्पल किंवा लाकडाची फळी हलक्या हातानं फिरवायची. जोर जास्त झाला तर आतलं बी चिरडतं, कमी झाला तर धणा तसाच घरंगळतो. बेताचा दाब पडला की टचकन दोन डाळी होतात आणि प्रत्येक डाळीत एकेक बी असतं. त्या वेळी जो वास सुटतो तो कोथिंबिरीचा नसतो, धण्याचाही पुरता नसतो, मधलाच काहीतरी असतो. आमच्या घरी हे काम आजीकडं होतं. परसातल्या वाफ्यात त्या डाळी फोकायच्या, वर बोटभर माती सारायची, झारीनं पाणी. आठ-दहा दिवसांनी मातीला बारीक भेगा पडायच्या आणि वाकलेल्या मानेची हिरवी टोकं वर यायची. सातीवुम या शब्दात हे सगळं आहे. पसरणं, रगडणं, हाताचा अंदाज. कोथिंबिरीला सुगंधी, कोवळी, हिरवी असं काहीही म्हणता आलं असतं. जे नाव चिकटलं ते माणसाच्या हाताचं.

लसणाच्या बाबतीत तर ते विशेषण अक्षरशः जीवनमरणाचं आहे. शेतातला लसूण खरं बी धरत नाही. दर वर्षी गड्डा फोडायचा, कुड्या सुट्या करायच्या, टोक वर ठेवून वाफ्यात खोसायच्या. एक हंगाम सगळ्या जगानं हे काम सोडलं तर हा लसूण संपला. केशराचंही तेच, क्रोकस सातीवुसला बी येत नाही, कंदच लावावे लागतात. ‘पेरलेला’ हे त्यांच्या बाबतीत वर्णन राहत नाही, अट होते. हजारो वर्षं, कुठल्या कुठल्या देशांत, नाव न राहिलेल्या बायाबापड्यांनी खाली वाकून एकेक कुडी खोसली म्हणून आज आपल्या फोडणीत लसूण आहे. जगभरच्या ग्रंथांत त्यांची नोंद कुठं असेल तर ती या एका विशेषणात.

विशेषण वळतं कसं, ते आता जवळून बघू. सातीवुस पुल्लिंगी, सातीवा स्त्रीलिंगी, सातीवुम नपुंसकलिंगी. संस्कृतातलं नवः, नवा, नवम् शेजारी ठेवा. लॅटिनमध्ये तेच नोवुस, नोवा, नोवुम. मराठीत नवा, नवी, नवं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच हरवलेल्या उगमातून आल्या असाव्यात, असं विल्यम जोन्सनं १७८६ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसमोर सांगितलं आणि तिथून भाषांच्या तौलनिक अभ्यासाला जोर आला. ‘नवा’ आणि ‘नोवुस’ हे एकमेकांकडून घेतलेले शब्द नाहीत, एकाच घरातून दोन दिशांना निघालेले आहेत.

त्या प्रवासात काय टिकलं आणि काय गळालं, तिथं मराठीचं मोल कळतं. लॅटिनच्या थेट लेकी म्हणजे इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच. त्यांनी नपुंसकलिंग सोडून दिलं, ते पुल्लिंगात विरघळलं. आपल्याकडं हिंदीनंही सोडलं. मराठीनं, कोकणीनं आणि गुजरातीनं ते राखलं. त्यामुळं पॅरिसच्या किंवा दिल्लीच्या मुलाला सातीवुमचं ते तिसरं रूप नव्यानं शिकावं लागतं. निफाडच्या मुलाच्या तोंडात ते दूधभातापासून आहे. तो गाडी नवी म्हणतो, ट्रॅक्टर नवा म्हणतो आणि घर नवं म्हणतो, आणि कुणी ‘घर नवा’ म्हटलं तर त्याच्या कानाला खडा लागतो. आणखी एक योगायोग असा, की मराठीत स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन एकच होतं. नवी गाडी, नवी घरं. लॅटिनमध्येही तसंच, नोवा एक स्त्रीलिंगी वस्तू आणि नोवा अनेक नपुंसकलिंगी वस्तू.

त्या ‘उम’चा उच्चारही बघण्यासारखा आहे. लिहिताना शेवटी म आहे, पण रोमन माणूस तो ओठ मिटून म्हणत नसे. स्वर नाकातून सोडून द्यायचा, एवढंच. पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा आचार्य क्विंटिलियन यानं लिहून ठेवलंय की पुढं स्वर आला तर हा म जेमतेम ऐकू येतो. जुन्या शिलालेखांत तो कित्येकदा कोरलेलाच नाही. आता ज्ञानेश्वरीच्या काळातली, शके १२१२ च्या आसपासची मराठी बघा. नपुंसकलिंगाचा शेवट एं, नाकातून निघणारा, डोक्यावर टिंब घेतलेला. पुढं तो नाकातला स्वर बोलण्यातून गेला, टिंब कागदावर राहिलं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली राज्य शासनानं स्वीकारले आणि न उच्चारली जाणारी टिंबं गेली. तेव्हापासून औपचारिक लिखाणात ‘पेरलेले पीक’ आणि ‘पेरलेले मुळे’ यांत डोळ्याला फरक दिसत नाही. बोलण्यात तो आजही ठणठणीत आहे. पेरलेलं पीक, पेरलेले मुळे. मी हा लेख ‘अं’नं लिहितो आहे ते मुद्दाम. तीन लिंगं शाबूत ठेवणारी भाषा कागदावर हा फरक पुसते, हे मला नुकसानीचं वाटतं.

विभक्तीत मात्र लॅटिन आपल्यापुढं जाते. औषधाच्या पुस्तकांत लसणाचं नाव ‘बुल्बुस आल्लिई सातीवी’ असं येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातही याच नावानं नोंद आहे. आल्लियुमचं षष्ठीचं रूप आल्लिई, आणि त्याला धरून विशेषणही सातीवी. मराठीत सांगायचं तर ‘पेरलेल्या लसणाचा गड्डा’. आपण ‘चा’ फक्त नामाला लावतो, विशेषणाचं सामान्यरूप करून भागवतो. लॅटिनला तेवढ्यानं समाधान नाही, तिथं विशेषणाला नामाची विभक्ती पूर्ण अंगावर घ्यावी लागते. संस्कृतात असंच होतं. मराठीनं ओझं हलकं केलं, मोडून टाकलं नाही.

हे व्याकरण मेलेलं आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं वाटाण्याची गोष्ट ऐकावी. लिनियसनं वाटाण्याला ‘पिसुम सातीवुम’ म्हटलं. ग्रेगोर मेंडेलनं १८६६ साली आनुवंशिकतेचे नियम मांडले ते याच झाडाच्या जोरावर, म्हणून हे नाव प्रत्येक जीवशास्त्राच्या पुस्तकात आहे. अलीकडं डीएनए तपासून अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणू लागले की वाटाणा हा लाथिरुस या कुळातच बसतो. लाथिरुस पुल्लिंगी. म्हणजे नियमानं सातीवुमचं सातीवुस व्हायला हवं, लाथिरुस सातीवुस. पण त्या नावाचं पीक १७५३ पासून जागेवर बसलेलं आहे आणि ते आपल्या ओळखीचं आहे. ते म्हणजे विदर्भातली लाख, उतेऱ्यावर पेरतात ती. एका नावाची दोन पिकं चालत नाहीत. मग वाटाण्याला ‘पेरलेला’ हे बिरुद सोडावं लागलं आणि ‘ओलेरासेउस’, म्हणजे भाजीचा, हे मागं पडलेलं नाव पुढं आणावं लागलं. प्रयोगशाळेतल्या यंत्रानं नातं शोधून दिलं, पण नाव काय घ्यायचं ते एका विशेषणाच्या लिंगानं आणि एका लाखेच्या दाण्यानं ठरवलं.

पिंपळगावचा राजा कांदा या सगळ्यात कुठं बसतो? तो बसत नाही. ॲलियम नपुंसकलिंगी, तरी त्याचं नाव ॲलियम सेपम नाही, ॲलियम सेपा आहे. कारण सेपा हे विशेषणच नव्हे, कांद्याचं जुनं रोमन नाव आहे, नामाशेजारी नाम उभं केलेलं. ते वळत नाही, आपल्या बसवंतसारखं. आमच्या पिंपळगावच्या कांदा संशोधन केंद्रात स्थानिक कांद्यातून निवड करून तयार झालेलं एन २-४-१ हे रब्बीचं टिकाऊ वाण घरोघरच्या चाळींत वर्षानुवर्षं भरलं गेलं. त्या नावात तर व्याकरण औषधालाही नाही, नुसते आकडे, आणि तरीही बांधावर ते कुणालाही समजतं.

द्राक्षाचं विटिस विनिफेरा. विटिस वेल, स्त्रीलिंगी, म्हणून विनिफेरा. विनुम म्हणजे वाइन आणि फेरे म्हणजे वाहणे, धरणे. संस्कृतातला भृ धातू, भरति, आणि लॅटिनमधला फेरे हे मुळात एक. आपला भार आणि फळभार तिथलाच. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर मंडपावर लटकलेले घड बघून बागायतदार ‘भार किती धरलाय’ म्हणतो, तेव्हा विनिफेराचा मागचा अर्धा भाग मराठीत सांगून झालेला असतो.

ही नावं गोऱ्या साहेबांनी वरून टाकली, अशी आपल्याकडं एक समजूत आहे. इतिहास तेवढा सरळ नाही. केरळच्या किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तो सिद्ध करण्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन होते आणि रंगभट, विनायक पंडित व आप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. या तिघांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र कोकणीत, नागरी अक्षरांत ग्रंथाच्या पहिल्याच खंडात आहे, आणि चित्रांवर वनस्पतींची कोकणी नावं नागरीत कोरलेली आहेत. लिनियसनं भारतातल्या कितीतरी झाडांसाठी हाच ग्रंथ समोर ठेवला. त्याच्याही आधी, लॅटिन व्याकरणात मुरलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात बसून इथली भाषा शिकले. त्यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं आणि त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं कोकणीचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरला. लॅटिनचा साचा आणि आपल्या भाषेचा देह यांची ओळख चारशे वर्षं जुनी आहे. मग आमच्या शाळेत ती का पोहोचत नाही?

मला चांगलं आठवतं. सहामाहीच्या पेपरात भाताचं शास्त्रीय नाव मी ‘ओरायझा सॅटिव्हम’ लिहिलं. अर्धा गुण गेला. शेजारच्यानं लसणाला तेच लिहिलं होतं, त्याला पूर्ण मिळाला. का, हे विचारल्यावर ‘पाठ करा’ एवढंच उत्तर आलं. ओरीझा बाई आहे आणि आल्लियुम बाईही नाही, बुवाही नाही, हे एक वाक्य त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर शास्त्र आणि व्याकरण हे दोन तास एकमेकांना भेटले असते. मराठी माध्यमातल्या मुलाला शास्त्रीय नाव म्हणजे रोमन लिपीतलं एक तिरकं स्पेलिंग वाटतं. रोमन लिपी असू द्या, जगाचा तो संकेत आहे. पण त्याशेजारी देवनागरीत उच्चार, मराठीत अर्थ आणि कूळनामाचं लिंग एवढं छापायला किती जागा लागते? नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच लिहायची सक्ती १९३५ पासून होती, ती २०१२ च्या पहिल्या तारखेपासून उठली, आता इंग्रजीही चालतं. नावावरची सक्ती मात्र उठलेली नाही. आज सह्याद्रीच्या कड्यावर कुणाला नवी वनस्पती सापडली तर तिचं विशेषण त्याला लॅटिन नियमानंच वळवावं लागतं. सेरोपेजिया या कुळातली एक खर्पुडी ‘सह्याद्रिका’ झाली आहे, कारण सेरोपेजिया स्त्रीलिंगी. असं नाव ठेवायला उद्या निफाडची मुलगी लागली, तर तिची अर्धी तयारी तिच्या आईनं आधीच करून घेतलेली असेल.

राहता राहिला पिंपळ. त्याचं नाव फिकुस रेलिजिओसा. फिकुस दिसायला सातीवुससारखा, शेवटी उस, म्हणजे पुल्लिंगी असायला हवा. पण रेलिजिओसा? लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी, शेवट काही असो. सफरचंदाचं झाड ‘मालुस’ ती, फळ ‘मालुम’ ते. नासपतीचं झाड ‘पिरुस’ ती, फळ ‘पिरुम’ ते. हे परकं वाटलं तर आपल्या परसात या. केळ ती, केळं ते. बोरी ती, बोर ते. लिंबोणी ती, लिंबू ते. जांभळी ती, जांभूळ ते. धरणारी बाई आणि धरलेलं फळ नपुंसक. वड आणि पिंपळ यांना मात्र मराठीनं पुरुष ठरवलं आणि लॅटिननं फिकुसच्या घरात घालून बाई केलं.

रेलिजिओ या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती रोमन काळापासून चालत आल्या आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला सिसेरो म्हणे तो ‘रेलेगेरे’पासून, तेच ते पुन्हा पुन्हा घोळवणं, आवर्तन करणं. तीनशे वर्षांहून अधिक काळानं आलेला लॅक्टँशियस म्हणे तो ‘रेलिगारे’पासून, बांधून घेणं. हा वाद अजून मिटलेला नाही. सोमवती अमावास्येला पिंपळाच्या पारावर बायका एकशेआठ प्रदक्षिणा घालतात. हातात सुताची गुंडी असते. फेरा पुरा झाला की दोरा खोडावर आणखी एक वळसा घेतो, आणि बाई पुढचा आकडा मोजते.